शर्टांची भिंत

हरणावरचा नेम चुकला की त्या गड्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून जंगलातल्या खोपटाच्या भिंतीवर ठोकायचा, हा मिशिगनच्या शिकाऱ्यांचा रिवाज. टोइवोच्या बापाच्या तुकड्यांनी अख्खी भिंत भरली होती. कात्री निघाली की बाप हसत पाठ पुढे करायचा. मान खाली जायची ती टोइवोची.

बाप गेला, जुनी रायफल टोइवोकडे आली. ती लाइल बंदूकवाल्याच्या टेबलावर ठेवेपर्यंत त्याला चैन पडेना.

"नळीच वाकडी असणार ना, काका?"

"आधी हिला कुठली गोळी चालते ते बघू दे. घाई केलीस तर बोटं गमावशील."

नळीवरचे आकडे पार झिजले होते. लाइलने मापं घेऊन गोळी ठरवली, रायफल टायरला बांधली आणि फुटलीच तर म्हणून भिंतीआडून चापाला बांधलेली दोरी ओढली. नळी शाबूत राहिली. मग वाळूच्या पोत्यावर टेकवून टोइवोने स्वतः गोळ्या झाडल्या. लक्ष्याच्या कागदावर सगळ्यांचं मिळून एकच भोक, अगदी मधोमध.

"हिच्यानं चुकायचं तर मुद्दामच चुकावं लागतं रे," लाइल म्हणाला.



त्या नोव्हेंबरच्या शिकारीत टोइवोचा नेम चुकला, हरीण पळालं, खोपटात कात्री निघाली, आणि टोइवोने हसत पाठ पुढे केली.