टाकीतले पहारेकरी

मासा मेला आणि पाक-हुंगने खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"गेलं! आणखी एक संकट गेलं!" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "माझ्यावर येणारं त्याने आपल्या अंगावर घेतलं. काय इमानी जनावर!"

युक-लान जाळी घेऊन बाहेर आली. तिने तो लालभडक मासा पाण्यातून उचलला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला कधी इमानी म्हटल्याचं तिला आठवेना.

"छातीत दुखायचं थांबलं का?" तिने विचारलं.

"थांबेल आता. केवढा मोठा होता तो!"

"मेल्या, एक जिना चढताना दोनदा बसतोस. मुकाट्याने दवाखान्यात चल."

"मासे आहेत ना!" पाक-हुंग म्हणाला आणि चहा ओतायला लागला.

छातीत पहिली कळ आली तेव्हा डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीची तारीख दिली होती. त्या तारखेला पाक-हुंग गेला तो फेंगशुईवाल्या मोक मास्तरांकडे. मास्तरांनी होकायंत्र फिरवलं, डोळे मिटले आणि सांगितलं, घरात पाणी हवं, पाण्यात लाल मासे हवेत, धन्याचं मरण ते स्वतःवर घेतात. यात नवीन काहीच नव्हतं. हाँगकाँगमधल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण मास्तरांनी पैसे घेऊन सांगितल्यामुळे पाक-हुंगला ते जास्त पटलं.

मग तो टाकीच्या मागे लागला. नवी घेणं त्याच्या भाजलेल्या बदकांच्या दुकानाला झेपणारं नव्हतं. कॅनडाला निघालेला एक सराफ आपली जुनी फिशटँक विकत होता. चार हमालांनी ती कशीबशी वर चढवली. ती ठेवायला मास्तरांनी दाखवलेल्या कोपऱ्यात युक-लानचं शिलाई मशीन होतं. ते मोरीच्या दाराशी गेलं.

"मापात आणलीस हो," ती टाकीकडे बघून म्हणाली. "आत आडवा झालास तर बरोब्बर मावशील."

"थुंक! अभद्र बोललीस, थुंक आणि पुन्हा नीट बोल!" पाक-हुंगच्या तोंडचं पाणी पळालं.

टाकीबरोबर फिल्टरही आला होता. त्यातला स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत. 'हा धुऊ नका,' सराफाने बजावलं होतं. पण परक्याची साडेसाती घरात कोण घेईल? मयतीहून आल्यावर लोक पपनसाच्या पानांच्या पाण्याने हातपाय धुतात. पाक-हुंगने त्याच पानांच्या पाण्यात तो स्पंज चांगला रटरटून उकळला. स्पंज टोफूसारखा पांढराशुभ्र निघाला. मग सुमुहूर्तावर आठ लाल मासे पाण्यात सोडले, आणि ते पटापट मरायला लागले.

मासा मेला की तो हसत हसत दुसरा आणायचा. मोक मास्तर खूश होते. मासेवाली कोय खूश होती. पाक-हुंगच्या आनंदाला तर पारावार नव्हता, फक्त तो आनंद व्यक्त करताना त्याला धाप लागायची. युक-लान रोज रात्री त्याचा श्वास ऐकत पडायची. तिला त्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. या माणसाशिवाय आपण भांडणार कोणाशी, हे तिला सुचत नव्हतं.

एके दिवशी ती मोंगकॉकच्या मासेबाजारात गेली आणि कोयच्या काउंटरवर तिने अख्खं भाजलेलं बदक ठेवलं.

"खरं सांग. आमचे मासे का मरतात?"

कोयने बदकाचा वास घेतला. "स्पंज उकळलात ना? अहो काकू, त्या काळ्या चिखलातच जीव असतो. माशांनी केलेली घाण तो पचवतो. तो गेला की मासे आपल्याच घाणीत गुदमरतात."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"काकू, तुमचे यजमान दर आठवड्याला मासे नेतात. मी काय वेडी आहे?"

तरी बदक बदकच. कोयने आपल्या टाकीतला एक घाणेरडा स्पंज पिशवीत घालून दिला. पाक-हुंग दुकानात होता तेवढ्यात युक-लानने तो फिल्टरमध्ये कोंबला. 'आता एकही मरू देत नाही,' ती पुटपुटली. 'उतरू दे तुझं हे खूळ.' वर तिने माशांच्या खाण्याचा डबा तांदळाच्या डब्यामागे लपवला, कारण पाक-हुंग त्यांना बदकं समजून खायला घालायचा.

मासे मरायचे थांबले. पाणी नितळ झालं. मासे इतके तेजस्वी दिसायला लागले की शेजारणी बघायला यायच्या. पाक-हुंगचं हसू मात्र मावळत गेलं. सकाळी उठला की तोंडही न धुता टाकीपाशी जायचा. नाक काचेला लावून एकेक मासा तपासायचा. त्याचं जेवण तुटलं.

"मजेत आहेस, काय रे?" एकदा तो सगळ्यात जाड्या माशावर खेकसला.

त्याने मोक मास्तरांना फोन लावला. "एकही नाही?" मास्तरांनी विचारलं. मग घाईघाईने म्हणाले, मला जरा बाहेर जायचंय, आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाक-हुंग स्वतःहून बूट घालून दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"चल. दवाखान्यात."

युक-लानने हातातलं काम टाकून पायात चपला सरकवल्या. कळ वाढली असणार, नाहीतर हा हेकट माणूस आपण होऊन कशाला निघेल? टॅक्सीत तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. त्यानेही सोडवून घेतला नाही.

तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. "काय होतंय, आजोबा? छातीत दुखतंय?"

"ते तर केव्हापासूनच दुखतंय, त्याचं काय घेऊन बसलात!" पाक-हुंग पुढे वाकला. "डॉक्टर, आमचे मासे मरतच नाहीयेत!"