पांढरी जीभ

घानाहून नायजेरियातल्या कानो शहरात येऊन वेण्या घालायचं दुकान थाटलेल्या अफुआनं शेजारणीला खूश करायला थाप मारली होती, "मीही तुमच्यासारखे रोजे धरते!" तेव्हापासून दर संध्याकाळी तिच्याकडून चवळीची भजी यायची. दिवसा मात्र अफुआ दार लावून लाल अंबाडीचं सरबत ढोसायची. आज भजी घेऊन शेजारणीची सात वर्षांची झुलई आली. ओठ सुकलेले, पाय लटपटणारे. "आई नको म्हणत होती, मावशी. मी म्हटलं, मावशी परकी असून धरते, मला काय धाड भरलीय? माझा पहिला रोजा!" तिनं ऐटीत जीभ काढली. दिवसभर पाण्यावाचून खडूसारखी पांढरी पडलेली. "आता तुझी दाखव. खरा रोजा जिभेवर दिसतो!" अफुआनं लालभडक जीभ दातांमागे दडवली. तेवढ्यात बांग झाली. झुलईनं मुठीतला खजूर मोडून अर्धा तिच्या ओठांशी नेला. "आधी तू. आ कर."