आखूड नळी

रामनिवास सेठनं दोन्ही बंदुका काउंटरवर शेजारी शेजारी मांडल्या, साडीवाला साड्या मांडतो तशा.

"दोन्ही बाराबोर, दोन्ही पंपवाल्या. हे असं मागं ओढायचं, असं पुढं ढकलायचं. बस्स."

खटक-खटक आवाज झाला. कल्याणला तो आवडला. मीनाला अजिबात आवडला नाही.

मीना काही बंदुकीच्या दुकानात यायची बाई नव्हती. जालन्याला जायचं म्हणजे तिच्या लेखी चपला, पातेली, फार तर डोळ्यांचा डॉक्टर. पण आज ती हट्टानं गाडीवर मागं बसून आली होती. नवऱ्याला एकट्याला या कामाला सोडायची तिची छाती झाली नव्हती.

"दोन्हीत फरक काय?" कल्याणनं विचारलं.

"ही लांब नळीची. लाकडी दस्ता, वजनाला भारी. लांबचा नेम बराबर लागतो. रानात, मचाणावर बिलकुल हीच. ही दुसरी आखूड, हलकी. घरात ठेवायला चांगली. दरवाज्यात, जिन्यात, कुठं अडकत न्हाई." सेठ थांबला. "तुमाला कशासाठी पायजे?"

"रानडुकरासाठी," मीनाच बोलली. "मक्यात शिरतेत."

खोटं नव्हतं ते. परवान्याच्या अर्जात तेच लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी कल्याण आणि त्याचा थोरला भाऊ काकासाहेब एकाच गाडीवर मंठ्याला गेले होते आणि एकाच पेनानं दोघांचे अर्ज भरून आले होते. तेव्हा रान एक होतं, डुकरं हाकायचं मचाणही एकच. परवाने हाती पडले यंदा. तोवर रानाच्या मधोमध चांगला रुंद महामार्ग गेला होता. विहीर राहिली थोरल्याकडं, मका राहिला धाकट्याकडं. पाण्यावरून आधी बायका भांडल्या, मग भाऊ. गेल्या महिन्यात तर अंगणात कुऱ्हाड निघाली. अंगण मात्र अजून एकच आहे, आणि दोन्ही घरांची दारं समोरासमोर.

कल्याणनं आखूड बंदूक उचलली. खांद्याला लावली आणि अगदी सहज दुकानाच्या दाराकडं रोखली. मीनानं नळीच्या रोखानं पाहिलं. डुकरावर नेम धरणारा माणूस खाली बघतो, जमिनीलगत. हा तर उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर बघत होता.

"अहो, ठेवा ती. लांबची घ्या."

"लई जड हाय ती."

"असू द्या की जड. मचाणावर काय नाचायचंय का तुमाला?" ती हसून म्हणाली. मग सेठला ऐकू जाणार नाही अशी पुटपुटली, "डुक्कर काय आपल्या दारात येतंय व्हय? माज्या गळ्याची शपथ हाय. लांबची घ्या."

कल्याण तिच्याकडं बघत राहिला. काय झालं कोण जाणे, पण त्याचा आवळलेला चेहरा जरा सैल पडला. आखूड खाली ठेवून त्यानं लांब नळीची घेतली, लाकडी दस्त्यावरून हात फिरवला.

"बरं. बांधा हीच."

मीनाचा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर आपण होऊन जावेला हाक मारावी, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. नंदाबाई काही मनानं वाईट नव्हती. कुणीतरी एकीनं आधी बोलायला पाहिजे होतं, इतकंच.

सेठ खूश झाला. आणि खूश झालेला माणूस नेमकं नको ते बोलतो.

"अच्छा केलं साहेब. शेतकऱ्याला हीच बराबर. त्या दिवशी तुमच्याच गावच्या एकाला मी हेच सांगून राह्यल्तो, पण ऐकलंच न्हाई. आखूड घेऊन गेले. काकासाहेब म्हणून. वळखीचे हायेत का?"

दस्त्यावरचा कल्याणचा हात थांबला.

"कवा आल्ते?"

"गुरुवारी."

"काय बोलले?"

"बोलले कुठं? घाईतच व्हते. एवढंच इचारलं, आमच्या गावचं अजून कोणी येऊन गेलं का म्हणून."

कल्याणनं लांब नळीची बंदूक सेठच्या हातात परत दिली.

"मंग आखूड द्या. जल्दी."

"अहो..." मीना म्हणाली. तिचं पुढचं कुणी ऐकलं नाही. तिला भयंकर राग आला. नवऱ्याचा, भासऱ्याचा, त्या बडबड्या सेठचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. शपथ तर घालून झाली होती. एका बाईकडं एका दिवशी अशा कितीशा शपथा असणार?

सेठनं जाड रजिस्टर उघडलं, परवान्यावरून नाव-गाव उतरवलं.

"आणि कारण?"

"डुकरं," कल्याण म्हणाला.

"पिकाचे संरक्षण," असं पुटपुटत सेठनं लिहिलं आणि रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं. मीनानं मान पुढं काढून पाहिलं. वरच्याच ओळीत काकासाहेबाची सही होती, तिच्यासमोर हेच कारण. कल्याणनं त्याखाली सही केली. तोच डावीकडं कललेला 'क', तशीच लांब ओढलेली शेपटी. लहानपणी पाटीवर हाताला धरून थोरल्यानंच त्याच्याकडून तो गिरवून घेतला होता.