तेलबदल

माणसानं स्वावलंबी असावं, असं नोकरी गेलेली सगळीच माणसं म्हणतात. उद्यापासून आमच्या जुन्या पिकअपवर माल पोचवायचं काम मिळालं होतं, म्हणून आज मीच तिच्याखाली शिरलो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काळंकुट्ट तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं लालभडक तेल भरलं. गाडी सुरू झाली, पण पुढेही जाईना आणि मागेही.

मेकॅनिकनं जुनं तेल बोटांवर चोळून पाहिलं. "काका, आतल्या प्लेटा कधीच्या झिजल्यात. या गाळावरच पकड टिकून होती. गिअरबॉक्स गेला."

"मग जुनंच ओता की परत," बायको म्हणाली.

तो हसला नाही. "पण गाडी त्रास काय देत होती?"

"काहीच नाही," मी म्हणालो.