कस्तुराबाईंचा रोडगा

ओव्हनमधला दिवा विझला. आतली जाळी फिरायची थांबली, आणि तिच्यावरचे रोडगे कच्चेच राहिले.

चंपाषष्ठीचा दिवस होता. भरीत तयार होतं. वांगी सकाळी याच ओव्हनमध्ये भाजून झाली होती. टोचे मारल्याशिवाय आत ठेवायची नाहीत, फुटतात, असं सून अर्पितानं बजावलं होतं. कस्तुराबाईंनी प्रत्येक टोच्यात लसणाची पाकळी खोचली होती. अडलं होतं ते रोडग्यापाशी.

"काय वहिनी, गेला का जीव तुमच्या डब्याचा?" उंबऱ्यातून धाकटे दीर ज्ञानोबा म्हणाले.

खंडोबाच्या तळीला रोडगा भाजायचा मान भावकीत थोरल्या घराचा, म्हणजे त्यांचा. आजवर तो त्यांनी गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर भाजला होता. पण धुरानं त्यांना धाप लागू लागली, आणि डॉक्टरांनी चूल कायमची बंद केली.

"आमच्या गौरानं आर पाडून ठेवलाय," ज्ञानोबा बायकोचं नाव घेत म्हणाले. "तळीला माणसं जमल्यात. आज रोडगा तिच्या हातचा झाला, की मान तिकडं गेला. मग सालोसाल तिकडंच. मागनं रुसू नका."

"जरा दम धरा की, भावजी."

"देव थांबंल का?"

अर्पिता एकामागून एक बटणं दाबत होती. "आत्या, आत्ता तर चालत होता."

"लाइट गेली का?"

"पंखा फिरतोय की."

"यंत्राचं असंच असतंय," ज्ञानोबा भिंतीला टेकत म्हणाले. "चुलीला कधी बटन लागलं न्हाय."

कस्तुराबाई ओव्हनपाशी गेल्या. देवाचं काम पहिल्यांदाच करणार म्हणून पहाटे त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं, अंगावर हिरवा खण पांघरला होता आणि झेंडूची माळ मागून पुढं अशी गुंडाळली होती. त्यांनी बाजूला हात लावला आणि चटकन मागं घेतला. तापात फणफणलेल्या लेकराचं अंग लागावं तसं लागलं. खणाची कड उचलून त्या वाकल्या. खाली बारीक भोकांची रांग होती.

"अर्पिता, ही भोकं कशाला गं?"

अर्पितानं मान खाली घातली. "आतली गरम हवा बाहेर जायला."

"मग बोलली का न्हाईस?"

"पूजेचा खण तुमी घातलेला. काढा असं कसं म्हणू?"

कस्तुराबाईंना हसूच आलं.

"येडी गं येडी! आपण त्याचं नाक दाबून बसलोय. धुरात माझं होतं तसं झालंय त्याचं."

त्यांनी खण काढून कपाळाला लावला, घडी करून देवापुढं ठेवला. माळ सोडली. अर्पितानं प्लग काढला आणि दोघींनी मिळून ओव्हन भिंतीपासून पुढं ओढला.

"पाणी मारा वरनं," ज्ञानोबा म्हणाले. "लवकर गार हुईल."

"नको, काका! पाण्याचा थेंबसुद्धा नको," अर्पिता जवळजवळ ओरडलीच.

कस्तुराबाईंनी कोनाड्यातलं सूप घेतलं आणि ओव्हनला वारा घालू लागल्या. ज्ञानोबा पोट धरून हसले. अंगणातली चार माणसं दारात येऊन बघू लागली. कस्तुराबाईंचा हात थांबला नाही.

"मी सांगतो गौराला पीठ मळायला," ज्ञानोबा शेवटी म्हणाले आणि दोन घरांमधल्या परसातल्या भिंतीकडं गेले.

अर्पितानं हात पदराला कोरडे केले, प्लग घातला, बटण दाबलं. आत दिवा लागला. जाळी फिरू लागली.

कस्तुराबाईंचा हात दाराकडं गेला. आरातला रोडगा त्या घडीघडीला उलथून बघायच्या.

"आत्या, उघडू नका. आतली धग जाते."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि काचेतून बघत राहिल्या. रोडग्यांना रंग चढला. वरची साल तडकली. ओव्याचा आणि भाजक्या गव्हाचा वास आधी स्वयंपाकघरात, मग अंगणात गेला.

ओव्हननं शिटी मारल्यावर कस्तुराबाईंनी जाड हातमोजे कोपरापर्यंत चढवले आणि जाळी स्वतः बाहेर काढली. एक रोडगा उलटा करून बोटानं वाजवला. टणक, पोकळ आवाज आला. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"उचला तळी," त्या म्हणाल्या.

येळकोटाचा गजर छपराला भिडला. भंडारा उधळला गेला. देवाचं झाल्यावर रिवाजाप्रमाणं पहिला घास दारातल्या कुत्र्याला घातला. ज्ञानोबा बारीक नजरेनं बघत होते. कुत्र्यानं घास गिळला आणि पत्रावळ चाटत ती अंगणभर ढकलत नेली.

मग ज्ञानोबा जेवायला बसले. रोडगा फोडला, तुपात बुडवला, भरीत लावलं. अर्पितानं न विचारता दुसरा वाढला, तोही संपला. हात न धुताच ते उठले आणि परसातल्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"गौरा! रोडगं आरात टाकलंस व्हय?"

"आर विझला हुता. घरच्यापुरतं आता टाकतेय की!" पलीकडून आवाज आला.

"टाकू नगंस. परात घेऊन हिकडं ये. वहिनींच्या ओव्हनात भाजू."

मग गौराबाई कमरेवर परात घेऊन आल्या. डोळे धुरानं लाल झाले होते, हात पिठानं भरलेले. परात खाली ठेवून त्यांनी नळावर हात धुतले आणि तशाच, बोटांतून पाणी गाळत, थेट ओव्हनच्या दाराला हात घालायला निघाल्या.

"थांब गं, गौरा," पाटावरून न उठता कस्तुराबाई म्हणाल्या. "आधी हात पूस. वल्ल्या हातानं शिवायचं न्हाय त्याला."