सव्विसावं पाऊल

गाडीतून उतरून पूल चढून आलेली ती बाई आजही तिसऱ्या खांबाशी थांबली. पर्स छातीशी धरली आणि डोळे मिटून चालू लागली.

पूल रेल्वे आणि मेट्रो दोघींचा. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. केर मात्र सगळा झाडूवाल्या मावशींच्या वाट्याचा. झाडू थांबवून त्या बघत राहिल्या. आठवडा झाला, दुपारी गर्दी ओसरली की हेच. ओठ हलतात, बोटं मोजतात.

"झोपेत चालते," पुस्तकांचा स्टॉलवाला मासिकाने वारा घेत म्हणाला.

"झोपेतली बाई तिकीट काढून येते होय रे?"

तेवढ्यात बाई बाकावर आदळली. मावशी धावल्या.

"लागलं का ताई?"

"हा बाक इथे कसा? सव्विसाव्या पावलाला असतो. तिथून उजवीकडे वळलं की मेट्रोचं दार."

मावशींनी जीभ चावली. "मीच सरकवला सकाळी, खालचं झाडायला. पण हा नेम तरी कसला हो तुमचा?"

बाई गुडघा चोळत हसली. "नजर चाललीय मावशी. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. नोकरी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाला. इथे एकटीला गाडी बदलता आली, तरच टिकेल. म्हणून आत्तापासून पाठ करतेय."

मावशींनी बाक ओढून जागेवर लावला. मग स्वतःच खांबाशी गेल्या आणि डोळे मिटले. पाचव्या पावलाला पाय अडखळला. तरी झाडू पुढे धरून चालत राहिल्या.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" स्टॉलवाला हसला.

"गप रे!"

एका जागी त्या थबकल्या. दोन पावलं मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"ताई, मोजू नका," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "गाडीकडचा वारा गरम. इथे आलं की मेट्रोच्या दारातला गार झोत उजव्या गालाला लागतो. तिथे वळायचं. बाक काय, माझ्यासारखी कुणीही हलवेल."

बाई पुन्हा खांबाशी गेली. निघाली. या खेपेला बोटं पर्सवर नुसती टेकलेली होती. बाक जवळ येताच तिने मान जराशी वर केली आणि ती गार झोताकडे उजवीकडे वळली.

स्टॉलवाल्याने वारा घ्यायचं थांबवून हातातलं मासिक हळूच खाली ठेवलं.