काचेतला हात

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात टिळकवाडीच्या सोनुबाई मास्तरीण आपली जुनी विलायती मोटार घेऊन निपाणीला कृष्णातकडं आल्या. कृष्णात गाड्यांच्या सीटा शिवायचा. डॅशबोर्डवरच्या पॅडला उन्हानं या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

कृष्णातनं सकाळीच स्क्रू काढून पॅड सोडवलं. तडा साफ केला, त्यात फोम भरला, वरून नवं काळं रेग्झिन ताणून चिकटवलं. दुपारी पॅड बसवायला तो गाडीत शिरला आणि तसाच थांबला.

समोर नुसता उघडा पत्रा होता. पण पुढच्या काचेतल्या प्रतिबिंबात पॅड आपल्या जागेवर होतं, आणि त्यावर एका लहान मुलाचा हात टेकलेला होता.

गाडीत दुसरं कुणी नव्हतं. पॅड तर कृष्णातच्या मांडीवर होतं.

"बाई, जरा आत येऊन बसा," त्यानं हाक मारली. "काचंत बघा."

सोनुबाई शेजारी बसल्या आणि बघतच राहिल्या.

"तुमचं लेकरू हुतं काय, बाई?"

"न्हाय रं. मला मूलच झालं न्हाय."

कृष्णातला भीती वाटायला हवी होती, पण देवळात शिरल्यासारखे त्याचे हात आपोआप जोडले गेले.

सोनुबाईंनी आपला हात उघड्या पत्र्यावर ठेवला. काचेत तो लहान हात सरकत आला आणि त्यानं त्यांची करंगळी मुठीत घेतली.

इकडं पत्र्यावर त्यांच्या करंगळीची कातडी हळूहळू दबली.

"धरलंय रं त्यानं," सोनुबाई पुटपुटल्या.